थरथरताई

ताईच्या पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू होतं. सहाव्या वर्षी माणसाला "कसं चाललंय?" हा साधा प्रश्नही साधा वाटेनासा होतो. ताई आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघून घ्यायची. प्रेमाने विचारलेलं दिसलं तर "चाललंय" म्हणायची, नुसती चौकशी असली तर "होईल आता", आणि विचारणारा नातेवाईक निघाला तर त्याच्या मुलांच्या शाळेबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलायला लागायची की तो बिचारा आपला प्रश्नच विसरून जायचा.

तिचं खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं, आणि ओळखपत्र बहुतेक वेळा घरी राहिलेलं असायचं. लॅबमध्ये ती आली तेव्हा सगळ्यांत लहान होती. मग तिच्या आधीचे पदवी घेऊन गेले, तिच्या बरोबरीचे गेले, तिच्यानंतर आलेलेही काळे झगे घालून, फोटो काढून गेले. ही आपली बसस्टँडवरच्या बाकासारखी तिथेच. त्यामुळे तिची आपोआप ताई झाली. एकदा भर बैठकीत सरांच्या तोंडूनही "ताई, पुढची स्लाइड" असं निघून गेलं. सर तिच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठे. त्यांनी जीभ चावली, ताईने निमूटपणे पुढची स्लाइड लावली, आणि त्या दिवसापासून नाव पक्कं झालं.

घरी सासूबाई होत्या. त्यांच्या समजुतीप्रमाणे सून गेली सहा वर्षं एकाच परीक्षेला बसत होती. सुनेला नावं ठेवायची त्यांची मुळीच इच्छा नसायची. "पोरगी हुशार आहे हो, पण मेले पेपरच अवघड काढतात," असं त्या शेजारणीला सांगत. शेजारणीला एवढंच कळलं होतं की ही कुठेतरी कॅमेऱ्याचं काम करते. तिने एकदा पासपोर्टचे फोटो काढून मिळतील का म्हणून विचारलं. ताई म्हणाली, "काढीन की, पण तुम्हाला आधी केसाच्या शंभराव्या भागाएवढं व्हावं लागेल." शेजारीण दोन महिने बोलली नाही.

नवरा बस आगारात वेळापत्रकं तयार करायचा. उशीर ही त्याच्या धंद्यातलीच गोष्ट असल्यामुळे तो बायकोला कधी बोलायचा नाही. बसला सहा वर्षं उशीर झालेला त्याने पाहिला नव्हता, एवढंच.

आता ताई करायची काय, तेही सांगायला हवं. साध्या मायक्रोस्कोपला एक मर्यादा असते. फार जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी त्याला एकच दिसतात, लांबून येणाऱ्या मोटारीचे दिवे दोन आहेत की एक, आपल्याला कळत नाही तसं. भिंग कितीही चांगलं आणा, प्रकाशाचाच तो स्वभाव आहे. ही मर्यादा ओलांडायची एक युक्ती आहे, आणि ताईने ती सासूबाईंना खिडकीच्या जाळीदार पडद्यावरून समजावली होती. एका जाळीवर दुसरी जाळी ठेवली की मोठमोठ्या लाटा दिसतात. त्या लाटा दोन्हींपैकी कुठल्याच जाळीत नसतात, दोघींच्या भांडणातून तयार होतात. पण लाटांवरून जाळीची वीण किती बारीक आहे ते काढता येतं. ताई पेशीवर लेझरच्या बारीक पट्ट्या पाडायची. पट्ट्या तीन दिशांनी, प्रत्येक दिशेत तीन वेळा सरकवून. अशी नऊ चित्रं घेतली की कॉम्प्युटर त्यांतून दुप्पट स्पष्ट असं एक चित्र काढून द्यायचा. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे नऊ वेळा काढूनही एकच येतो?"

प्रश्न तसा वर्मी बसणारा होता. कारण पेशी जिवंत असते, आणि जिवंत गोष्ट नऊ फोटो होईपर्यंत गप्प बसत नाही. म्हणून वेग. ताईचं सगळं संशोधन या वेगाचं होतं: नऊ चित्रं इतक्या झटपट घ्यायची की पेशीला हलायला फुरसतच मिळू नये. एका सेकंदाला अशी वीसच्या वर पूर्ण चित्रं ती घ्यायची, आणि त्यासाठी आयुष्याची सहा वर्षं तिने अत्यंत सावकाश घालवली होती.

मायक्रोस्कोपच्या खोलीला खिडकी नव्हती. दाराला काळा पडदा, पडद्याच्या फटीला काळी टेप, टेपच्या फटीला आणखी टेप. दारावर ताईच्या वळणदार अक्षरात "दार हळू लावा" अशी पाटी होती, कारण दार आपटलं की पेशीत भूकंप व्हायचा. मधोमध पोलादी टेबल होतं, तेही जमिनीवर नाही, हवेवर तरंगणारं. चार पायांत हवेच्या उशा, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी वर कळू नये. मायक्रोस्कोपभोवती पारदर्शक पेटी, पेटीत पेशींसाठी सदतीस अंशांची ऊब आणि सिलिंडरमधून हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड. बाहेर ताईसाठी एकोणीस अंश, कारण लेझरला गरम होतं. पेशींचे लाड चालायचे आणि ताई बाराही महिने स्वेटर घालून बसायची.

तिसऱ्या वर्षी तिला थरथर सापडली.

पेशीत बारीक नळ्यांचं एक जाळं असतं. ताईच्या चित्रांत त्या नळ्या एका सेकंदात चार वेळा हलकेच थरथरताना दिसल्या. जगात कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण जगात कुणी इतक्या वेगाने इतकं बारीक बघत नव्हतं. सर त्या दिवशी आनंदाने खोलीबाहेर आले आणि काळ्या पडद्यात अडकून पडता पडता वाचले. पुढे त्यांनी या थरथरीवर देशोदेशी भाषणं दिली. परिषदांत लोक विचारत, "ती थरथरवाली मुलगी तुमचीच ना?" इकडे लॅबमध्ये ताईची थरथरताई झाली. प्रबंधातलं तिसरं प्रकरण म्हणजे थरथर. पहिलं यंत्राचं, दुसरं गणिताचं, दोन्ही चांगली, पण जेवणाआधी पाणी द्यावं तशी. जेवण तिसऱ्यात. त्यावरचा लेखही एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला होता आणि तिथून बरी बातमी येत होती.

प्रबंध देण्याची तारीख आता बारा दिवसांवर आली होती. त्याआधी एक सेमिनार. तारीख चुकली तर नोंदणीच रद्द, सहा वर्षं पाण्यात. हे विद्यापीठाने तिला तीन पत्रांनी कळवलं होतं आणि तिसऱ्यात ठळक अक्षरं वापरली होती.

सरांच्या लॅबचा एक नियम होता: मेलेली पेशी यंत्रावर लावायची नाही. इतर ठिकाणी पेशी औषधात बुडवून, मारून, जागच्या जागी गोठवून मग तिचे फोटो काढतात. सरांना त्याचा मनस्वी तिटकारा. "आपण जिवंतांचं काम करतो," असं ते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत, आणि नव्या विद्यार्थ्याच्या अंगावर रोमांच उभे राहत. ताईच्याही राहिले होते. सहा वर्षांत त्या टेबलावर एकही मेलेली पेशी आली नव्हती, निदान जाणूनबुजून नाही.

शुक्रवारी ताईने शेवटची काही चित्रं घ्यायला पेशींची डिश लावली. दर तासाला दहा सेकंद चित्रण आपोआप व्हावं अशी व्यवस्था केली आणि घरी गेली. दोन दिवस सुट्टी घेतली, म्हणजे कपडे धुतले.

सोमवारी सकाळी येऊन बघते तर सिलिंडरचा काटा शून्यावर. शनिवारीच केव्हातरी गॅस संपला होता. डिशमधलं गुलाबी पाणी जांभळट पडलं होतं, पेशी आक्रसून गेल्या होत्या. ताईने कपाळाला हात लावला. चूक तिचीच, शुक्रवारी काटा बघायचा राहिला. एक डिश गेली, दुसरी लावू, असं म्हणत तिने फाइल पुसून टाकायला घेतली, आणि पुसण्याआधी, सवयीनेच, शेवटचं चित्रण उघडलं. सोमवार, सकाळी सात.

नळ्यांचे तुकडे झाले होते, आणि तुकडे थरथरत होते. एका सेकंदात चार वेळा. जिवंतपणी थरथरायच्या त्याच तालात, किंबहुना जरा जास्तच इमानाने.

ताई बराच वेळ बघत बसली. मग उठून तिने कपाटातून एक लाल रंग आणला. जिवंत पेशी या रंगाला दारात उभं करत नाही, मेलेलीत तो सरळ आत शिरतो. थेंब टाकला. पाच मिनिटांत सगळ्या पेशी लाल. एकही जिवंत नाही. तिने रंग बदलून पाहिला, दुसऱ्या बाटलीतला घेतला, तिसऱ्यांदा टाकला. पेशींचं मत बदललं नाही. त्या मेलेल्याच होत्या आणि थरथरत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने जिवंत पेशींची नवी डिश लावली, चित्रण केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा डिश एक चतुर्थांश फिरवली. डिशवर एक खूण असते. ती खूण दाराकडे ठेवायची, हा ताईच्या टापटिपीचा भाग होता. तीन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. दाराच्या दिशेने पसरलेल्या नळ्या जास्त थरथरतात हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं, आणि त्यावर तिने प्रबंधात दीड पान लिहिलं होतं. त्यात पेशीचा अक्ष होता, ताण होता, अकरा संदर्भ होते. आता डिश फिरली, डिशबरोबर नळ्या फिरल्या, पण थरथर फिरली नाही. ती दाराकडेच तोंड करून राहिली. दार कुठे आहे हे पेशीला कसं कळतं, हा एवढा एक प्रश्न सोडून बाकी सगळे प्रश्न त्या दीड पानात होते.

तिने वर्कशॉपमधल्या मामांना बोलावलं. मामा म्हणजे इमारतीतल्या सगळ्या यंत्रांचे मामा. कुठल्याही विषयाचं शिक्षण नाही, पण कुठल्याही यंत्राने त्यांच्यासमोर लबाडी केलेली नाही. ते आत आले, चपला बाहेर काढल्या, टेबलावर तळहात टेकवून डोळे मिटून उभे राहिले. मग खाली वाकून टेबलाखाली गेले. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला.

"ताई, ही नळी इथे कुणी बांधली?"

कॅमेरा थंड ठेवायला पाण्याचा एक पंप कोपऱ्यात असतो. त्याची रबरी नळी जमिनीवरून लोंबत टेबलापर्यंत यायची. दुसऱ्या वर्षी ताई तिच्यात पाय अडकून पडली होती, म्हणून तिने ती उचलून टेबलाच्या खालच्या पट्टीला प्लॅस्टिकच्या बंदाने घट्ट आवळली होती. जगभरची कंपनं थोपवण्यासाठी हवेवर तरंगत ठेवलेलं टेबल, आणि पंपाची धडधड थेट त्याच्या पोटाला बांधलेली. बंदाला एक चिठ्ठी होती. मामांनी टॉर्चच्या उजेडात वाचून दाखवली. "कृपया काढू नये." खाली तारीख. अक्षर वळणदार.

"मीच," ताई म्हणाली.

मामांनी समजावलं ते असं: ट्यूबलाइटखाली पंखा भरधाव फिरत असतो आणि कधी कधी डोळ्यांना मात्र हळूच, उलटा फिरल्यासारखा वाटतो, तसं हे. पंप सेकंदाला पन्नास धक्के देतो, कॅमेरा त्याच्याशी जवळपास जुळणाऱ्या पण नेमक्या न जुळणाऱ्या वेगाने डोळा उघडतो, आणि दोघांच्या मधली चुकामूक चारच्या तालात दिसते. पट्ट्या पेशीवर किंचित सरकायच्या, कॉम्प्युटर आपला त्यांना पेशीची हालचाल समजायचा. ताईला हे सगळं येत होतं. दुसऱ्या प्रकरणात तिने याचंच गणित मांडलं होतं, उदाहरणासह.

मामांनी कात्री काढली. "कापू?"

"थांबा मामा."

मामा थांबले. टेबलाखाली उकिडवं बसून थांबणं त्यांच्या गुडघ्यांना परवडणारं नव्हतं, पण ताईच्या आवाजात काहीतरी होतं. ताईने चित्रण सुरू केलं, पडद्यावर नळ्या थरथरत राहिल्या. त्या थरथरीशी तिची तीन वर्षांची ओळख होती. वेगवेगळ्या औषधांनी ती वाढते का, कमी होते का, हे बघण्यात तिची दोन वर्षं गेली होती, आणि कुठल्याच औषधाने काही होत नाही याला तिने "उल्लेखनीय स्थैर्य" असं नाव दिलं होतं.

"कापा," ती म्हणाली.

दुधाखालचा गॅस बंद करावा तशी थरथर बसली. नळ्या तशाच राहिल्या, जिवंत, आपापल्या चालीने सावकाश सरकत, मधूनच एखादी दुसरीला चिकटत. बघायला फार सुंदर होतं. जगाला माहीत नसलेलं असं त्यात काही नव्हतं.

मामा कमरेला हात लावत बाहेर आले आणि म्हणाले, "झालं बघा दुरुस्त."

त्या संध्याकाळी जेवताना ताईने नवऱ्याला सगळं सांगितलं. सासूबाई समोर होत्या, पण मेलेलं काहीतरी हललं एवढं ऐकून त्यांनी पान बाजूला सारलं होतं. नवऱ्याने शहाण्या माणसासारखं आधी सगळं ऐकून घेतलं. बंदाबरोबर आपण तिसरं प्रकरणही कापलं, हे मामांना माहीत नव्हतं. डिश केराच्या डब्यात जाऊ शकत होती. बंद तर गेलाच होता, म्हणजे गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बारा दिवसांचे आठ उरले होते. हे ताई एकेक करून सांगत गेली, आणि सांगताना ताटातल्या पाण्याच्या थेंबाला बोटाने सगळीकडे फिरवत राहिली.

नवरा म्हणाला, "आमच्याकडे एक बस होती. अकरा वर्षं वेळापत्रकात होती, रस्त्यावर नव्हती. कुणी तक्रार केली नाही."

"मग?"

"मग काही नाही. लोक थांब्यावर उभे राहायचे."

ताई हसली नाही. सासूबाईंनी मात्र विचारलं की त्या लोकांचं पुढे काय झालं. नवऱ्याला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. लॅपटॉप त्यांच्या समोर ठेवला आणि चित्रण लावलं. सरांनी बघितलं, खूश झाले. "छान आलंय. कधीचं?"

"सोमवारचं. त्या मेलेल्या आहेत सर."

सर म्हणाले, कशावरून. तिने लाल चित्र दाखवलं. सर म्हणाले, रंग जुना असेल. तिने तीन बाटल्यांच्या तारखा सांगितल्या. मग डिश फिरवलेली दाखवली, मग नळी, मग बंद कापतानाचं चित्रण. सर शेवटचं चित्रण पाच वेळा बघत बसले. प्रत्येक वेळी थरथर त्याच ठिकाणी बसायची. सरांचं वय त्या पाच वेळांत मोजून पाच वर्षांनी वाढलेलं दिसलं.

"मी हे सात ठिकाणी सांगितलंय गं," ते म्हणाले.

"आठ, सर."

सरांनी चष्मा काढला आणि टेबलावरच्या कागदांत ठेवला, जिथे तो नेहमी हरवायचा. "एकदा, फक्त एकदा जरी आपण मेलेली लावली असती... मेलेली लावायची नाही हा नियम कुणाचा?"

"तुमचा."

"बांधलं कुणी?"

"मी."

"मग जोडी छान जमली आपली," सर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या सरांनी त्यांना सहा वर्षं मेलेल्याच पेशी बघायला लावल्या होत्या, औषधाच्या वासाने जेवण जायचं नाही, आणि तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की आपल्या मुलांवर ही वेळ येऊ द्यायची नाही. हे सांगताना ते विद्यार्थ्यांना "मुलं" म्हणाले, आणि ताईला एकदम इतका थकवा आला की तिला न विचारताच बसावंसं वाटलं. खुर्चीवर सरांची पुस्तकं होती. ती उभीच राहिली.

"सेमिनारला काय दाखवणार?" सरांनी विचारलं.

"मेलेल्या."

"नोंदणी जाईल कदाचित."

"हो."

सरांनी मान हलवली. नियतकालिकाला लेख परत मागणारं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. चार ओळींच्या पत्राला त्यांना तीन दिवस लागले.

सेमिनारला खोली भरली होती. थरथर बघायला लोक आले होते. ताईने पहिलं प्रकरण सांगितलं, दुसरं सांगितलं, मग पडद्यावर थरथर लावली, आणि लोक नीट सरसावून बसले तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की या पेशी चित्रणाच्या दोन दिवस आधीच मेलेल्या आहेत. तिचा आवाज इतका सपाट होता की पहिल्या दोन रांगांना तो विनोद वाटला. मग तिने डिश फिरवली, मग बंद कापला, मग चिठ्ठीचा फोटो दाखवला, "कृपया काढू नये" सकट. हा फोटो दाखवू नये असं सरांनी सुचवलं होतं. ताई म्हणाली होती, "राहू दे, नाहीतर पुढचा कुणीतरी परत बांधेल."

नियमाचं सर बोलले. उभे राहून, दोन वाक्यांत. तो माझा नियम होता. तो चुकीचा होता. दुसऱ्या वाक्यात त्यांचा आवाज जरा गेला, म्हणून मागच्या लोकांना फक्त पहिलंच ऐकू आलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

मग मागच्या रांगेतून शेजारच्या लॅबचे दोघेजण, खुर्च्यांचा आवाज होऊ न देता, वाकून, पाय न वाजवता बाहेर पडले. त्यांच्यामागे आणखी एक. पुढच्या रांगेतल्या एक प्राध्यापिका मोबाइलवर कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होत्या, "टेबलाखाली बघ. आत्ता. हो, नळी." अर्ध्या तासात इमारतीतली तरंगणारी सगळी टेबलं खालून तपासली गेली. पुढे कळलं त्याप्रमाणे सातपैकी तीन टेबलांना नळ्या बांधलेल्या होत्या. त्यातली एक तर रिबिनीने, फुलाची गाठ मारून.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई आतापर्यंत टिपणं काढत होत्या. त्यांनी चष्म्यावरून ताईकडे पाहिलं आणि निकाल दिला: तिसरं प्रकरण जातं. त्याच्या जागी नवं प्रकरण लिहायचं, खरी हालचाल आणि खोटी हालचाल वेगळी कशी ओळखायची यावर, मेलेल्या पेशी आधी आणि जिवंत नंतर, रीतसर, पहिल्यापासून. समिती सहा महिन्यांची मुदतवाढ सुचवेल, आणि ती शेवटची. "हे लोकांच्या कामाला येईल," बाई म्हणाल्या. "थरथर कुणाच्या कामाला आली असती, मला शंका आहे." बाईंनी हे कौतुक म्हणून म्हटलं होतं. ताईला ते कौतुक म्हणून पोचायला आणखी काही महिने लागणार होते. आत्ता तिला फक्त "सहा महिने" एवढंच ऐकू आलं.

जिन्यात तिने घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला.

"पास का?"

"नाही आई. अजून सहा महिने."

सासूबाईंनी विचारलं, "या वेळी तरी पेपर सोपा काढतील ना?"

"या वेळी मीच काढणार आहे, आई."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या आणि जेवायला किती वाजता येणार ते विचारून त्यांनी फोन ठेवला.

मुदतवाढीचा अर्ज तळमजल्यावरच्या कचेरीत, तिसऱ्या खिडकीवर. खिडकीतला कारकून पापभीरू माणूस होता. अर्ज अपुरा गेला तर वरचे साहेब त्यालाच बोलत, म्हणून तो प्रत्येक अर्ज आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्यायचा. ताईला उन्हातून आल्यासारखं गरगरत होतं. अर्जात "विलंबाचे कारण" अशी एक ओळ होती, एकच, आणि ती सहा वर्षांना पुरेल इतकी लांब नव्हती. ताईने लिहिलं, "पेशी मेल्या होत्या."

कारकुनाने वाचलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "वाईट झालं, मॅडम," तो म्हणाला. "मग खालचा पर्याय निवडा ना. आजारपण, बाळंतपण, कुटुंबातील मृत्यू, इतर. कुटुंबातल्या होत्या का?"

ताईने थोडा विचार केला. सहा वर्षं रोज सकाळी पहिल्यांदा त्यांचीच चौकशी केली होती. "इतर," ती म्हणाली.

"इतरला पुरावा जोडावा लागतो."

"फोटो आहे."

"मेल्याचा?"

"हो. पण खरं तर ते चित्रण आहे. त्यात त्या हलताना दिसतात."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. मागे दोन माणसं रांगेत उभी होती, त्यातल्या एकाने घड्याळ पाहिलं. कारकुनाने चष्मा सारखा केला, अर्जाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि मनापासून, काळजीने विचारलं, "मग मॅडम, मेल्या कशावरून?"

ताईने पाठीवरची सॅक उतरवली, समोरची खुर्ची ओढली, आणि बसली.